भावासाठी उतरवलेलं वजन

रक्तदाब मोजायचा पट्टा माझ्या दंडाला पुरला नाही. नर्स मोठा पट्टा शोधायला बाहेर गेली आणि तेवढ्या वेळात कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांनी आधी समोरच्या कागदांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"किडनी तुम्ही देणार?"

"हो."

"तुमचं वजन किती आहे, माहीत आहे?"

माहीत नव्हतं. काट्यावर उभं राहून मला वर्षं झाली होती. त्यांच्या काट्यानं अठ्ठ्याण्णव दाखवलं. माझी उंची जेमतेम पाच फूट एक इंच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर बाकावर माझा धाकटा भाऊ बसला होता. माझं माहेर मसुऱ्याजवळ. तिथे तो विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. आंबा-काजूच्या बागांतून फिरायचा, डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी घ्यायचा आणि पुढच्या विहिरीवर जायचा. त्याचा रक्तदाब वाढलेला होता हे कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आई म्हातारी, त्यात मधुमेही. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. राहिले मी.

"माझा नकार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एक काढली की उरलेली तुम्हाला आयुष्यभर पुरली पाहिजे. या वजनाला मी हात लावणार नाही. सत्तरच्या आसपास या, मग पुढच्या तपासण्या करू."

"काही गोळ्या वगैरे?"

"गोळी नाही, पावडर नाही, कुणी सांगितलेला काढा नाही. त्यानं किडनीलाच त्रास व्हायचा. पोटाचं ऑपरेशन तर नाहीच. जेवण कमी आणि चालणं जास्त. बस्स."

ते 'बस्स' माझ्या डोक्यात बसलं. रोज सकाळी चपला घालताना मला त्या माणसाचं 'बस्स' ऐकू यायचं.

परतीची एसटी घाट उतरून फोंडाघाटच्या बाजारात थांबली. मी खाली उतरून शेवटचा म्हणून एक वडापाव खाल्ला, आणि मग शेवटचा म्हणून दुसरा. भाऊ खिडकीतून बघत होता. मी परत येऊन शेजारी बसले तेव्हा तो हसला.

"ताई, तुझ्यान नाय होवचा."

थट्टाच होती ती. आम्ही लहानपणापासून असेच बोलतो. पण मला ते लागलं, आणि मालवण येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

आमचं गाव मालवणच्या थोडं दक्षिणेला, समुद्राला लागून आहे. घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. माझे यजमान पहाटे मासळी आणतात, आणि मी दुपारपर्यंत चुलीपाशी असते. सुरमई तळायची, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या करायच्या, कोंबडी-वडे, सोलकढी. म्हणजे माझं कामच खाण्याचं. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, पनीर आणि ऑलिव्ह तेल लिहिलं होतं. मी तो कागद दोन दिवस फ्रीजला लावून ठेवला आणि मग आपली अक्कल चालवली. सकाळी पेज, पण वाटीभर. दुपारी नाचणीची एक भाकरी, पालेभाजी, आमटीतला माशाचा तुकडा. आमटी नाही, कारण आमटीत नारळ. रात्री कुळथाची पिठी, भाताशिवाय.

भात सोडणं कठीण जाईल असं वाटलं होतं. त्याहून कठीण गेलं ते माझ्या हाताला आवरणं. नारळ खवताना बोटाला लागलेलं खोबरं तोंडात जायचं. सोलकढीची चव बघायची म्हणून अर्धी वाटी जायची. वडे नीट फुलले का बघायला एक मोडायचा, आणि मोडलेला पाहुण्यांना कसा वाढणार? दिवसभरात मी एक अख्खं जेवण असं उभ्या उभ्या जेवत होते, आणि आजवर ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग मी चव बघायचं काम ह्यांच्यावर सोपवलं. हे प्रत्येक गोष्टीला "बरा आसा" म्हणायचे. एकदा मीठ नसलेली सोलकढी पाहुण्यांपुढे गेली आणि पुण्याच्या एका बाईंनी मला सोलकढी कशी करतात ते समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. उपाशी माणसाला भांडायलाही जोर नसतो.

चालण्याचं तर विचारू नका. आमच्याकडे बाई रस्त्यानं चालली तर ती कुठेतरी चाललेली असते. नुसतं चालायला चाललेली बाई कुणी पाहिलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात निम्म्या गावानं मला थांबवलं.

"खंय चल्लस गो?"

"खंय नाय. चालाक."

"चालाक म्हंजे? पन खंय?"

स्कूटरवाले थांबायचे. "बस मागे, सोडतंय." नको म्हटलं की त्यांना राग यायचा; त्यांच्या मागे बसायची मला लाज वाटते असं त्यांना वाटे. एक रिक्षावाला तर रोज माझ्या बाजूनं रिक्षा हळू करून, फुकट सोडतो म्हणून मागे लागायचा. कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासण्या व्हायच्या होत्या, उद्या नाही जमलं तर सगळ्यांच्या तोंडाला तोंड कोण देणार? म्हणून मी म्हणायची, "गुडघो दुखता, डॉक्टरान सांगल्यान." आणि गुडघा खरंच दुखायचा. वाळूत पाय रुतायचे, म्हणून मी डांबरी रस्ता धरला, तर पोटऱ्या रात्रभर ठणकायच्या.

तरी दिवाळीपर्यंत वजन भराभर उतरलं. मला वाटलं, आता काय, शिमग्यापर्यंत होऊन जाईल. आणि मग काटा अडकला. त्र्याऐंशी. नाताळाची पर्यटकांची गर्दी आली आणि गेली, त्र्याऐंशी. थंडी सरली, त्र्याऐंशीच. तेच खात होते, तितकंच चालत होते. उलट चिडून एक वेळचं जेवण सोडून पाहिलं, तर चक्कर येऊन मोरीत बसले. वजन मात्र तिथंच. घरचा काटा बिघडला असेल म्हणून मेडिकलच्या काट्यावर चढले, तर तो अर्धा किलो जास्तच दाखवायचा.

त्यात माहेरचे फोन. माझं वजन ही सगळ्या घराची मालमत्ता झाली होती. भावजय विचारायची ती घाबरत घाबरत, "ताई, या आठवड्याक काय?" तिचा काही दोष नव्हता. नवऱ्याला पहाटे उठवून एक दिवसाआड मशीनवर नेणारी तीच होती. पण आईचं मला कळेना. मी माहेरी गेले की ती घावणे काढायची, वर गुळाचा रस.

"खा गो. तोंड बघ कसा सुकला तुझा."

"आई, माका चलाचा नाय."

"एक घावणो खाल्ल्यार काय होता?"

मी ताट सरकवलं की ती चुलीकडे बघत विचारायची, "अजून किती रवला?"

दोन्ही ती मनापासून म्हणायची. लेकीनं खावं आणि लेकीनं लवकर बारीक व्हावं. मला तिथं बसून रडावंसं वाटायचं, पण मी घावण्याचा वास घेत बसायची.

आणि ह्यांचं वेगळंच चाललं होतं. मी भूक मारत होते त्याच दिवसांत हे रोज संध्याकाळी मालवणच्या बाजारातून काही ना काही आणायला लागले. कधी गरम भजी, कधी जिलबी, कधी मला आवडतात ती बेकरीतली नारळाची बिस्किटं. पूर्वी ह्यांना सांगून सांगून दमायची तेव्हा कोथिंबिरीची जुडी यायची. आधी वाटलं, पुरुषमाणूस, लक्षात येत नसेल. मग वाटलं, माझी दया येत असेल. पुडी टेबलावर ठेवून हे अंगणात जायचे, आणि मी आत एकटीच त्या पुडीसमोर उभी. सगळ्याच दिवशी मी जिंकले असं नाही. त्या अडकलेल्या त्र्याऐंशीमध्ये ह्यांच्या जिलबीचा वाटा किती, ते कुणी सांगावं.

एक दिवस दिवेलागणीला हे जिलबीची पुडी घेऊन आले आणि मी ती पुडी तशीच्या तशी कोंबड्यांपुढे टाकली.

"तुमका कळना नाय? मी काय करतंय ता तुमका दिसना नाय?"

हे कोंबड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळा कळता. तू जाडी आसंस तवसर ते तुका हात लावचे नाय."

मला ते समजायला जरा वेळ लागला. सगळे महिने हा माणूस माझं वजन धरून ठेवायला बघत होता. मला डॉक्टरांनी कापू नये म्हणून.

"मगे तसा बोलाचा होता."

"काय बोलू? भावाक देव नको म्हणू? मी तसा म्हटलंय असता तर तू माझ्या हातचा पानी तरी पियालंस असतंस?"

अशा वेळी बायकोला भरून यायला हवं. मला आला तो संताप. इतके दिवस मी माझ्या जिभेला शिव्या दिल्या होत्या, माझ्या मनाला जोर नाही म्हणून स्वतःला बोल लावला होता, आणि इथं घरातलाच माणूस रोज समोर जिलबी ठेवत होता. मी दोन दिवस फक्त पाहुण्यांपुरतं रांधलं. तिसऱ्या दिवशी हे संध्याकाळी रिकाम्या हातानं आले. त्यानंतर घरात भजी आली नाही. कापण्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. बोलण्यासारखं जे होतं ते दोघांनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत मसुऱ्याकडची जत्रा आली. माहेरी माणसांची ये-जा, पुढच्या दारी पाहुणे, आई आणि भावजय रांधपात. हात धुवायला म्हणून मी मागच्या दारी विहिरीवर गेले. तिथे पंपाच्या खोपीच्या आडोशाला भाऊ बसला होता आणि त्यानं शहाळं तोंडाला लावलं होतं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि शहाळ्याचं पाणी तर त्याला सक्त मना होतं. त्यानं हृदय बंद पडू शकतं, असं त्याला माझ्यासमोर सांगितलेलं होतं.

"ह्या काय?"

"एकदाच गो ताई. जत्रा आसा."

"जत्रा माका पन आसा! सकाळधरून मी काय खावक नाय. सहा म्हयने मी उपाशी मरतंय ता कोणासाठी? आणि तू हय बसान शहाळी पितंस?"

त्यानं शहाळं खाली ठेवलं. त्याचा चेहरा सुजलेला होता, हातावर सुयांच्या गाठी. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी मागलंय तुझी किडनी? सांग. त्या डॉक्टरापुढे तूच म्हटलंस, मी देतंय म्हणान. माका कोणी इचारल्यान? दर दिसा आये सांगता, ताईन भात सोडल्यान, ताईन च्यायेतली साखर सोडल्यान. पानी पिवक घेतलंय तरी माका तुझा तोंड दिसता."

खरंच, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी आणखीच चिडले. देवीचं दर्शन घेतलं, जत्रेतून एक मोठी पुडी खाजं घेतलं आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून ते आल्या-गुळाचं खाजं संपेपर्यंत खाल्लं. ह्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी काटा वर गेला होता. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. त्यागबिग काही माझ्या मनात नव्हतं. फोंडाघाटला तो हसला होता तसा पुन्हा हसेल, एवढंच मनात होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी तोवर कुणाला सांगितली नव्हती: गुडघा दुखायचा थांबला होता. तुळशीपुढे खाली बसून मी हात न टेकता उठत होते. ते मला सोडवेना.

त्या दिवशी मी डांबरी रस्ता सोडला आणि गावामागच्या सड्यावर चढले. जांभ्या दगडाचा उघडा माळ, चढण चांगलीच, पण वर गाड्या नाहीत आणि कुठं चाललीस विचारणारं कुणी नाही. वर पोचेपर्यंत जीव तोंडाशी यायचा. रोज तीच चढण धरली. काही आठवड्यांनी काटा हलला. का हलला ते मला आजही माहीत नाही. इतके महिने का अडकला होता तेही माहीत नाही. कष्टाचं फळ वगैरे लोक म्हणतात. मी कष्ट आधीही करतच होते.

पुढे एका दुपारी भाऊ बायकोच्या स्कूटरवर मागे बसून आमच्याकडे आला. हातात बुटांची पेटी. "चपलेन सड्यार चढतंस म्हणान ऐकलंय," एवढंच म्हणाला. बूट मला एक नंबर मोठे झाले. वजनाबरोबर माझे पायही बारीक झाले होते, ते मलाच ठाऊक नव्हतं. पुढे कापडाचे बोळे घालून मी ते वापरले. शहाळ्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. पण जाताना तो पायरीवर घुटमळला. "ताई, तुका काय झाला तर आयेक मी काय सांगू?" मी म्हटलं, "तुका झाला तर मी काय सांगू?" भावजयीनं स्कूटर सुरू केली आणि ती दोघं गेली.

आंब्याचे दिवस मी दातांवर दात ठेवून काढले. पाहुण्यांसाठी पेट्याच्या पेट्या हापूस कापला, आणि बाठेसुद्धा चोखले नाहीत. पावसात सडा निसरडा झाला तेव्हा देवळाच्या मंडपात फेऱ्या मारल्या. पुजाऱ्यांना वाटलं, मी काही नवस बोललेय. गणपतीच्या आधी काटा एकाहत्तरवर आला. कोल्हापूरला गेले तर डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. फाईल बघितली, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान. आता तपासण्या सुरू करू." वर्षभराच्या उपाशीपणाला एक 'छान'. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला.

परवानगी देणाऱ्या समितीपुढे आम्हा नवरा-बायकोला बसवलं. कुणी जबरदस्ती केली का, पैसे घेतले का, असं मला विचारलं. मग ह्यांना विचारलं, "तुमची हरकत आहे?"

ह्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "हरकत कशी नसेल? पण सही करतो," म्हणाले, आणि केली.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. मला कुशीवर वळता येईना तेव्हा भावाच्या नळीत लघवी दिसायला लागली म्हणून सगळे बाहेर आनंदानं रडत होते. मलाही आनंद झालाच. माझी किडनी त्याच्यात चालली, अजून चालते आहे.

पण गावात परत आले आणि एकेक बाई बघायला येऊ लागली.

"अगो, किती बारीक झालंस! किडनी काढल्यानी म्हणान."

"नाय गो. मी आधीच वजन उतरवलेलंय. म्हणान तर किडनी घेतल्यानी."

"हां हां," त्या म्हणायच्या, आणि दारातून बाहेर पडताना शेजारणीला सांगायच्या, "बघ, भावासाठी कशी झिजली बिचारी." किडनीचं वजन मूठभर. माझे सत्तावीस किलो गेले ते त्या मुठीत, असा सगळ्या गावाचा हिशेब. एकीनं तर हळूच विचारलं, "एक काढल्यार इतक्या उतरता?" मी सडा सांगितला, भात सांगितला, आमटी सांगितली. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास नव्हता.

भाऊ आता बरा आहे. पुन्हा पंपांवर जातो. नवीन किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो त्यांनी त्याला भूक लागते, आणि आई ती भूक भागवते. गाल वर आलेत, पोट सुटलंय. लोक त्याला म्हणतात, "बरो दिसतंस रे." मला मात्र पुन्हा वाढायची मुभा नाही, एकाच किडनीवर आयुष्य काढायचं आहे. सकाळी सड्यावर जाते, रात्री कुळथाची पिठी पिते.

मागच्या महिन्यात भाऊ तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलं. घरी जाता जाता तो आमच्याकडे थांबला, पडवीत बसला.

"ताई, तू कसा केलंस ता सांग माका."

मी भाकरी थापत होते. हात पुसले, समोर बसले आणि पेजेपासून सुरुवात केली. मला वाटलं, चला, एका तरी माणसाला हे नीट सांगता येईल. मी आमटीपर्यंत आले असेन नसेन, त्यानं मध्येच थांबवलं.

"भात सगळोच सोडूक लागता?"

"सगळोच."

"दुपारचो पन?"

मी उठले. आत गेले, तव्यावरची भाकरी उलटली. बाहेरून तो ह्यांना विचारत होता, आज निस्त्याक, म्हणजे भाताबरोबर मासळी, काय आहे म्हणून.